पतंगाचा डोळा आणि गच्चीवरचा सूर्य

मराठी कवितेने ज्या कीटकांना राबवून घेतले आहे, त्यांत पहिला मान भुंग्याचा आणि दुसरा पतंगाचा. भुंग्याचे काम तसे सुखाचे. कमळात अडकून पडायचे आणि सकाळ झाली की सुटायचे. पतंगाच्या नशिबी मात्र जळणे आले. ज्ञानेश्वरीतही तो दिव्यावर झेपावतो आणि चित्रपटातल्या गाण्यांतही. गेली वीस वर्षे मी वर्गात ‘दीप-पतंग’ हा संकेत शिकवीत आलो आहे. प्रेम, मोह, आत्मसमर्पण असे त्याचे तीन-चार अर्थ फळ्यावर लिहून देतो आणि मुले ते परीक्षेत इमानाने परत करतात. पण इतक्या शतकांच्या कवितेत पतंगाच्या डोळ्यात डोळा घालून कोणी पाहिल्याचे माझ्या वाचनात नाही. सर्वांनी पाहिले ते त्याचे पंख आणि त्याची राख.

डोळ्यात पाहिले ते शास्त्रज्ञांनी, आणि तेही दिव्याच्या उजेडात नव्हे. १९६२ साली स्वीडनमधील स्टॉकहोम येथे कार्ल गुस्ताफ बर्नहार्ड आणि त्यांचे सहकारी विल्यम मिलर यांनी निशाचर पतंगाच्या डोळ्याची पारदर्शक कातडी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरली. ती गुळगुळीत असावी अशी कोणाचीही कल्पना. प्रत्यक्षात तिच्यावर चिमुकल्या उंचवट्यांची शिस्तबद्ध लागवड निघाली. एकेक उंचवटा सुमारे २०० नॅनोमीटर उंच, आणि शेजाऱ्यापासून जवळजवळ तितक्याच अंतरावर. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्कोनी मांडणी. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपल्या डोक्यावरचा केस साधारण सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे त्या केसाच्या रुंदीत असे तीनचारशे उंचवटे एका रांगेत सहज उभे राहतील.

‘नॅनो’ हा शब्द मूळ ग्रीक. त्याचा अर्थ बुटका, खुजा. आपल्याकडे ह्या बुटक्याची कथा बळिप्रतिपदेच्या निमित्ताने दर दिवाळीत सांगितली जाते. बटूच्या रूपाने आलेल्या त्या पाहुण्याने किती जागा व्यापली हे वाचकांना सांगावयास नको.

ह्या उंचवट्यांचा पतंगाला उपयोग काय? तर त्याचा डोळा चकाकत नाही. रात्री चांदण्यात डोळा चमकला की भक्षकाला ठावठिकाणा कळतो. शिवाय आधीच अपुरा असलेला उजेड डोळ्यावरून उडून न जाता आत शिरतो. दुहेरी लाभ. आणि नेमका हाच लाभ आज आपल्या गच्च्यांवर चढलेल्या सोलर पॅनेलांना हवा आहे. म्हणून हा लेख.

आता एक अगदी साधी गोष्ट, जी आपण रोज पाहतो आणि म्हणूनच पाहत नाही. संध्याकाळी लक्ष्मी रोडवरच्या दुकानाच्या काचेसमोर उभे राहिले की आतल्या साड्यांबरोबर आपला चेहराही दिसतो. काच पारदर्शक आहे ना? मग चेहरा कोठून आला? प्रकाश हवेतून काचेत शिरताना सगळाच्या सगळा आत जात नाही. समोरून येणाऱ्या प्रकाशाचा शंभरातला सुमारे चार हिस्से भाग काचेच्या पहिल्या पृष्ठावरून माघारी फिरतो. दुसऱ्या पृष्ठावरून आणखी तितकाच. एका साध्या तावदानात असे आठ टक्के जातात. दोन पदार्थांच्या प्रकाशगुणांत जितकी तफावत अधिक तितकी ही माघार मोठी. काचेचा वक्रीभवनांक दीड, हवेचा एक. ही तफावत माफक. पण सोलर पॅनेलात जो सिलिकॉन नावाचा पदार्थ असतो त्याचा अंक साडेतीन-चारच्या घरात. उघड्या, घासून गुळगुळीत केलेल्या सिलिकॉनवर पडलेल्या सूर्यप्रकाशापैकी तिसऱ्या हिश्श्याहून थोडा अधिक, म्हणजे पस्तीस टक्क्यांच्या आसपास, आल्या पावली परत जातो. तो तुकडा पोलादासारखा चकचकीत दिसतो. दिसायला सुंदर, पण ही सुंदर चकाकी म्हणजेच हातची गेलेली वीज. डोळ्याला जे दिसते ते पॅनेलाला मिळालेले नसते, हे सूत्र ध्यानात ठेवले की पुढची सारी हकिकत सोपी होते.

गंमत अशी की ह्या माघारीवरचा उपाय प्रथम सापडला तो खराब झालेल्या काचेत. जर्मनीत फ्राउनहोफर ह्या भिंगकाराने १८१७ साली पाहिले की आम्लाने किंचित खाल्लेली काच नव्या काचेपेक्षा कमी चकाकते. इंग्लंडमध्ये लॉर्ड रॅले यांना १८८६ साली आढळले की जुनी, पृष्ठावर मळकट झालेली काच नव्या काचेपेक्षा अधिक प्रकाश पलीकडे जाऊ देते. १८९२ साली डेनिस टेलर ह्या भिंगतज्ज्ञाने हाच अनुभव कॅमेऱ्याच्या जुन्या भिंगांत घेतला. गिऱ्हाईक ज्या भिंगावर डाग पडला म्हणून कुरकुरत असेल, तेच भिंग नव्यापेक्षा सरस! टेलर यांनी मग काच मुद्दाम जुनी करण्याचा घाट घातला, परंतु प्रत्येक काच आपल्या मर्जीने झिजे; त्यात नेम नव्हता. १९३५ साली झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वात पेटीत भिंगावर पातळ लेप चढविण्याची रीत काढली, आणि ती जर्मन सैन्याने गुप्त ठेवली. दुर्बिणीत चार-सहा भिंगे असली की प्रत्येक पृष्ठावर चार टक्के जाऊन शेवटी डोळ्यापर्यंत पोचणारा उजेड किती उरतो, हा हिशेब युद्धाच्या तोंडावर कोणालाही महत्त्वाचा वाटणारच.

पण मला ह्या इतिहासात सर्वांत जवळची वाटते ती कॅथरिन ब्लॉजेट. अमेरिकेतील स्केनेक्टडी गावी १८९८ साली तिचा जन्म झाला; वडील तिच्या जन्मापूर्वीच घरात शिरलेल्या चोराच्या गोळीला बळी पडले होते. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत तिने आयर्व्हिंग लँगम्यूर ह्या नामवंत शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम धरले, मध्यंतरी केंब्रिजला जाऊन १९२६ साली पदार्थविज्ञानातील डॉक्टरेट मिळविली. त्या विद्यापीठात ह्या विषयात ती पदवी मिळविणारी ती पहिली स्त्री. लँगम्यूरने पाण्यावर तेलकट पदार्थाचा एका रेणूएवढा जाड थर पसरवून दाखविला होता. ब्लॉजेटबाईंनी काय केले, तर काच त्या पाण्यात बुडवायची, वर काढायची, पुन्हा बुडवायची. प्रत्येक खेपेस एक रेणू जाडीचा पापुद्रा काचेला चिकटे. असे चव्वेचाळीस थर झाले की काच दिसेनाशी होई. नव्याण्णव टक्क्यांहून अधिक प्रकाश तिच्यातून पार जाऊ लागला. ही बातमी १९३८ साली जगजाहीर झाली. कोणतेही अवजड यंत्र नाही, परातीएवढे पाण्याचे भांडे आणि हाताला अपार सबूर. आमच्या आया-आज्या अनारशाचे पीठ ज्या चिकाटीने करीत, त्याच जातीचे हे काम. दुर्दैव एवढेच की तो लेप साबणासारखा मऊ होता, बोट फिरविले की निघून जाई. टिकाऊ लेप पुढे इतरांनी केले.

लेप लावल्याने चकाकी मरते कशी? येथे थोडे सावकाश जावे लागेल. लेप लावला की काचेला एकाऐवजी दोन पृष्ठे होतात: लेपाचे वरचे, आणि लेप व काच यांच्या सांध्याचे. दोन्हींवरून थोडा थोडा प्रकाश परत निघतो. प्रकाश हा लाटेसारखा चालतो. लेपाची जाडी लाटेच्या लांबीच्या बरोबर चतुर्थांश ठेवली तर खालून येणारी लाट जाऊन-येऊन अर्धी लांबी अधिक चालते, आणि वरच्या लाटेचा चढ जेथे असेल तेथे हिचा उतार येतो. झोपाळा पुढे निघाला असता समोरून कोणी तितक्याच जोराचा उलट धक्का द्यावा तसे होते. दोघांचे मिळून काहीच उरत नाही. मग ती शक्ती गेली कोठे? नष्ट झाली नाही. माघारी फिरण्याचा मार्गच बंद झाल्याने ती पुढे, काचेच्या आत गेली.

सिलिकॉनवर आज जो लेप देतात तो सिलिकॉन नायट्राइडचा, सुमारे ७५ नॅनोमीटर जाडीचा. त्याचा अंक दोनच्या आसपास असल्याने तो हवा आणि सिलिकॉन यांच्यातला मध्यस्थ म्हणून नेमका शोभतो. ह्या मध्यस्थाचा एक दोष आहे. तंबोरा जसा एका सुरात लावतात तसा हा लेप एकाच रंगाला लावलेला असतो. जाडी ठरवितात ती नारिंगी रंगाच्या आसपासच्या प्रकाशासाठी. सूर्य मात्र सगळे सप्तक एकदम गातो. नारिंगी, पिवळा, तांबडा आत जातात आणि निळ्याचा काही भाग परत येतो. जुन्या सोलर पॅनेलांचा तो ओळखीचा निळा रंग कोणी रंगाऱ्याने दिलेला नव्हे. तो लेपाच्या हातून सुटलेला निळा प्रकाश आहे. साबणाच्या फुग्यावर आणि पावसाळी रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर जे रंग नाचतात, त्यांच्याच कुळातला.

येथे सौरघटाच्या जन्माविषयी दोन शब्द सांगावयास हवेत. न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत चेपिन, फुलर आणि पिअर्सन ह्या तिघांनी २५ एप्रिल १९५४ रोजी सिलिकॉनचा पहिला कामाचा सौरघट लोकांपुढे ठेवला. त्यावर त्यांनी खेळण्यातला आकाशपाळणा फिरवून दाखविला. अंगावर पडलेल्या शंभर भाग उन्हातून तो सहा भागांची वीज करी. त्या सहाचे आज गच्चीवरच्या चांगल्या पॅनेलात बावीस-तेवीस झाले आहेत. ही वाढ एका उडीत झाली नाही. सिलिकॉन अधिक शुद्ध झाला, तारा बारीक झाल्या, पाठीमागचा थर सुधारला. आणि प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी परत फिरणाऱ्या उन्हाच्या मागे लागलेला होता.

त्यातली एक मोठी युक्ती १९७४ ची. कॉमसॅट ह्या अमेरिकन उपग्रह-कंपनीच्या शास्त्रज्ञांनी सिलिकॉनची चकती कॉस्टिक सोड्याच्या जातीच्या क्षारात बुडवून धरली. क्षार स्फटिकाला सगळीकडे सारखा खात नाही; काही दिशांनी भराभर, काहींनी मंद. परिणामी चकतीवर आपोआप लाखो चौकोनी मनोरे उभे राहतात, एकेक मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढा. मनोऱ्याच्या उतारावर पडलेला किरण परत फिरला तरी शेजारच्या मनोऱ्यावर आपटतो आणि त्याला आत शिरण्याची दुसरी संधी मिळते. पस्तीस टक्क्यांची माघार नुसत्या ह्या मनोऱ्यांनी दहा-बारावर येते आणि वर नायट्राइडचा लेप दिला की दोन-तीनवर. त्या चकत्या इतक्या काळ्या दिसल्या की त्यांचे नावच ‘काळा घट’ पडले. आज बाजारात मिळणाऱ्या एकस्फटिकी पॅनेलांत हे मनोरे असतातच. पाहा, आपल्या गच्चीवर इजिप्तची केवढी वस्ती आहे!

आता पुन्हा पतंगाकडे वळू. कॉमसॅटचे मनोरे प्रकाशाच्या लाटेपेक्षा पुष्कळ मोठे आहेत. त्यांच्यावर किरण चेंडूसारखा आपटतो. पतंगाचे उंचवटे लाटेपेक्षा लहान. दिसणाऱ्या प्रकाशाची लांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर, आणि उंचवटे दोनशेच्या अंतरावर. एवढ्या बारीक गोष्टी प्रकाशाला सुट्या सुट्या ‘दिसत’च नाहीत. त्याला जाणवते ती सरासरी. उंचवट्यांच्या टोकाशी बहुतेक हवा आणि किंचित पदार्थ. थोडे खाली अर्धे-अर्धे. तळाशी सगळा पदार्थ. म्हणजे हवेतून पदार्थात जाताना मध्ये उंबरठाच नाही, एक गोड उतार आहे.

मुंबईकर वाचकांना हे चटकन उमगेल. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर भरतीची लाट आपटते ती कशी उसळून मागे फिरते; आणि थोड्याच अंतरावर गिरगावच्या चौपाटीवर तीच लाट वाळूच्या उतारावरून वर सरकत सरकत विरून जाते. कठडा लाटेला परत फेकतो, उतार तिला पोटात घेतो. उपमा नेहमी एकदेशी असते हे मी विद्यार्थ्यांना बजावतो, तेव्हा तिला फार ताणू नये. वाळू लाटेची शक्ती घर्षणात मारते, पतंगाचा डोळा ती जशीच्या तशी आत पोचवितो. पण उंबरठा आणि उतार यांतला भेद एवढ्याने कळावा. आणि उताराचा मोठा गुण असा की तो एका सुरात लावलेला नसतो. निळा येवो की तांबडा, समोरून येवो की तिरपा, उतार सर्वांना सारखाच उतार.

तिरप्या उन्हाचा मुद्दा लहान नाही. काचेवर समोरून येणाऱ्या प्रकाशातले चार टक्के परत जातात हे खरे. पण सूर्य काय दिवसभर डोक्यावर असतो? किरण साठ अंशांनी कलले की नऊ टक्के जातात, ऐंशी अंशांनी कलले की जवळजवळ एकोणचाळीस. सकाळ-संध्याकाळी समोरच्या इमारतीच्या खिडक्या सोन्यासारख्या पेटतात त्या ह्यामुळेच.

पतंगाची नक्कल प्रथम केली ती इंग्लंडमधील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या क्लॅफम आणि हटली यांनी, १९७३ साली. लेसरच्या दोन झोतांच्या लाटा एकमेकींवर पाडून त्यांच्या उजेड-अंधाराच्या पट्ट्या त्यांनी प्रकाशाने बदलणाऱ्या एका लेपावर उमटविल्या, आणि उंचवट्यांची चादर तयार केली. पुढे पन्नास वर्षे जगभर ह्या चादरीचे नाना अवतार निघाले. कोणी रासायनिक झोताने सिलिकॉन कुरतडला, कोणी चांदीच्या कणांच्या साह्याने त्यात भोके पाडली, कोणी साच्याने छाप उठविले, जसे आपण करंज्या साच्यातून काढतो. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझूर यांच्या प्रयोगशाळेने १९९८ साली एक नवल प्रसिद्ध केले. सल्फरयुक्त वायूत ठेवलेल्या सिलिकॉनवर अतिसूक्ष्म काळाच्या लेसर-ठोक्यांचा मारा केला असता त्यावर सुयांचे जंगल उगवले आणि चकचकीत चकती काळ्या मखमलीसारखी झाली. चकलीला काटा आला की सुगरणीला जे समाधान होते, ते त्या मंडळींना झाले असेल.

मग प्रश्न सुटलाच म्हणावयाचा! तसे झाले नाही, आणि येथे खरी मेख आहे. प्रकाश आत घेणे हे अर्धे काम. आत गेलेल्या प्रकाशाने सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉन सुटे होतात. ते तारेपर्यंत सुखरूप पोचले तर वीज. पृष्ठभागाशी स्फटिकाची बांधणी तुटलेली असते, तेथे हे इलेक्ट्रॉन अडकून वाया जातात. पृष्ठ गुळगुळीत असेल तर अशा सापळ्यांची संख्या मर्यादित. सुयांचे जंगल केले की पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो आणि सापळेही. ज्या भांड्याला खाचा अधिक त्यात खरकटे अधिक अडकते, हे भांडी घासणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. त्यामुळे अनेक वर्षे असे झाले की काळा सिलिकॉन प्रकाश गिळी तर भरपूर, पण वीज देई ती साध्या घटापेक्षा कमी. चकाकी गेली आणि पदरात काही पडले नाही.

ही कोंडी फोडली फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातील हेले साविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांनी सुयांच्या जंगलावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर अणूंच्या एकेका रांगेने चढविला, इतका एकसारखा की प्रत्येक सुईच्या अंगाला तो लपेटून बसला. त्या थराने सापळे बुजले, आणि वर त्याच्यातील विद्युत्भाराने इलेक्ट्रॉनांना पृष्ठापासून दूर ठेवले. तारा सर्व पाठीमागे नेल्या. २०१५ साली त्यांच्या काळ्या सिलिकॉनच्या घटाने २२.१ टक्के कार्यक्षमता गाठली. काळ्या सिलिकॉनने तोवर इतकी मजल मारली नव्हती. फिनलंडात हे व्हावे हे मला अगदी स्वाभाविक वाटते. तेथे हिवाळ्यात सूर्य क्षितिजाला चिकटून सरपटतो; तिरप्या उन्हाची किंमत त्यांच्याइतकी कोणाला? ब्लॉजेटबाईंचे चव्वेचाळीस पापुद्रे आणि साविनबाईंचा हा अणूंचा थर यांच्यात पाऊणशे वर्षांचे अंतर आहे, पण हात एकाच वळणाचा दिसतो.

आता इतक्या खटाटोपाला शेवट कोठे? सिलिकॉन एकट्याने शंभरातले साडे-एकोणतिसाच्या पलीकडे कधीच जाऊ शकणार नाही. ही निसर्गाने घातलेली मर्यादा आहे. म्हणून आता त्याच्यावर पेरोव्हस्काइट नावाच्या दुसऱ्या पदार्थाचा थर देऊन जोडघट करतात. वरचा निळा-हिरवा उजेड खातो, खालचा तांबडा. अशा जोडघटाने २०२५ साली प्रयोगशाळेत ३४.८५ टक्क्यांची मजल मारली. गच्चीवर येण्याआधी त्याला ऊन-पावसात वर्षानुवर्षे टिकून दाखवावे लागेल, कारण पेरोव्हस्काइट दमटपणाला नाजूक. आमच्या कोकणातला एक श्रावण त्याने काढावा, मग बोलू.

हे सारे मी एवढ्या तपशिलाने वाचले त्याला कारण आमची गृहनिर्माण सोसायटी. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने ‘पीएम सूर्य घर’ ही योजना आणली. घराच्या छपरावर तीन किलोवॅट वा अधिक बसविणाऱ्यास ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान, आणि सोसायट्यांच्या सामाईक दिव्यांसाठी दर किलोवॅटला १८,००० रुपये, असे त्या वेळी ठरले. आमच्या गच्चीवर पॅनेले चढली. आणि पॅनेलांच्या पाठोपाठ एक गृहस्थ चढले. कोणत्या कंपनीचे ते येथे महत्त्वाचे नाही. त्यांच्या बॅगेत निळसर द्रवाच्या बाटल्या होत्या. हा ‘नॅनो’ लेप पॅनेलाच्या काचेवर फवारला की वीज पंचवीस टक्क्यांनी वाढते, असे त्यांनी सभेत सांगितले. दर पॅनेलामागे मागितलेली रक्कम अशी होती की वर्षभराच्या पाणीपट्टीची आठवण व्हावी.

मी विचारले, “वाढते ती कोठून?”

“सर, नॅनो आहे ते,” गृहस्थ म्हणाले. “परावर्तन बंद होतं.”

“काचेवरून परावर्तन होतं किती?”

“ते टेक्निकल आहे, सर. तुम्ही मराठीचे ना?”

सभा हसली, मीही हसलो. मग आमच्या इमारतीतील एक निवृत्त बँक अधिकारी बाई पुढे सरसावल्या. त्या म्हणाल्या, “अहो, सर मराठीचे असतील, मी तर आकड्यांची आहे ना? सर, तुम्ही सांगा, मी बेरीज करते.”

बेरीज अशी. साध्या काचेच्या वरच्या पृष्ठावरून समोरचा प्रकाश परत जातो तो चार टक्के. जादूगार आला तरी चारातून चारच वाचवील, पंचवीस कोठून आणील? त्यातही आजच्या बहुतेक चांगल्या पॅनेलांची काच कारखान्यातूनच लेप घेऊन येते. हा लेप म्हणजे सच्छिद्र सिलिकाचा शंभर-सव्वाशे नॅनोमीटरचा थर. काचेसाठी सव्वाच्या आसपास अंकाचा मध्यस्थ हवा आणि तेवढ्या कमी अंकाचा टिकाऊ घन पदार्थ मिळत नाही. म्हणून थरात हवेची सूक्ष्म भोके ठेवून अंक उतरवितात. पतंगाचीच युक्ती, हवेला भागीदार करून घेण्याची. त्या लेपाने अडीच-तीन टक्के आधीच वसूल झालेले असतात आणि पॅनेलावर छापलेल्या वॅटांत ते धरलेले असतात. उरले ते एक-दीड. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हाची माघार मोठी, हे वर सांगितलेच. पण त्या वेळी ऊनही मंद असते, दिवसाच्या बेरजेत त्याचे वजन थोडे. गृहस्थ म्हणतात त्याच्या पासंगालाही ते पुरत नाही.

कोणी म्हणेल, तीन टक्के म्हणजे काय मोठेसे? आपल्या महाराष्ट्रात एक किलोवॅट पॅनेल सरासरीने रोज चार युनिटांच्या आसपास देते. तीन किलोवॅटचे वर्षाचे झाले ४,३०० च्या आगेमागे. त्याचे तीन टक्के सुमारे १३० युनिटे. एखाद्या लहान बिऱ्हाडाचे महिन्याभराचे दिवे-पंखे त्यात भागतात, आणि पॅनेल पंचवीस वर्षे चालते. तेव्हा कारखान्यातला तो अदृश्य थर जपण्यासारखा आहे खास.

आणि तो जपला जात नाही, हे माझ्या ध्यानात आले ते सभेनंतर गच्चीवर गेल्यावर. पॅनेले धुण्याचे कंत्राट ज्याला दिले होते त्याचा माणूस बोअरचे पाणी आणि भांडी घासण्याची तारेची घासणी घेऊन मन लावून काम करीत होता. बिचाऱ्याला कोणी सांगितलेच नव्हते. बोअरच्या जड पाण्याने काचेवर पांढरे क्षार धरतात, ते काढायला तो अधिक घासतो, आणि घासण्याने सच्छिद्र थर झिजतो. धूळ काढणे हवेच. आपल्याकडे उन्हाळ्यात साचलेली धूळ लेपाने वाचविलेल्या तीन टक्क्यांहून अधिक ऊन सहज अडविते. पण त्याला साधे गोडे पाणी, मऊ फडके अथवा रबरी पट्टी आणि सकाळची थंड वेळ एवढे पुरे. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. साबणाची पूड, राख, घासणी यांना गच्चीवर मज्जाव.

त्या फवाऱ्याविषयी न्यायाने बोलावयाचे तर एक गोष्ट मान्य केली पाहिजे. असले काही द्रव काचेवर पाणी आणि धूळ ठरू देत नाहीत, आणि धूळ कमी बसली तर तेवढी वीज वाढू शकते. तसा दावा कोणी केला तर त्याला म्हणावे, एकाच दिशेची दोन पॅनेले घ्या, एकाला लावा, एकाला नको, दोन्ही सारखी धुवा आणि महिनाभर दोन्हींची वेगळी नोंद ठेवा. आमच्या बँकेच्या बाईंनी हाच प्रस्ताव मांडला. गृहस्थांनी वरिष्ठांना विचारून कळवितो असे सांगितले, त्याला आता आठ महिने झाले. नमुन्याची एक बाटली ते विसरून गेले होते. ती आमच्या पहारेकऱ्याने आपल्या स्कूटरच्या आरशाला लावली. आरसा होता तेवढाच चकाकतो. पावसाचे थेंब मात्र त्यावरून झरझर ओघळतात, असे तो सांगतो.